थाळी कोणाकडे होती?

"ऐकलंस का मॅडम, तुझा मामा म्हातारा झाला."

सकाळचे साडेसहा. मी अजून तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं. कुंपणापलीकडे मामी मोहाची फुलं चटईवर पसरत बसलेली, आणि ही बातमी तिनं अशा आवाजात दिली की जणू मामा काल रात्री जेवण झाल्यावर, हात धुताधुता म्हातारा झाला.

आमच्या दोन घरांमध्ये बांबूच्या कामट्यांचं कुंपण आहे. घातलं कोंबड्यांसाठी. कोंबड्या खालून जातात, बातम्या वरून. सातपुड्यातल्या आमच्या मोलगीत फोनची रेंज असते तेव्हा असते. कुंपण मात्र कायम चालू. मी इथल्या आश्रमशाळेत शिकवते, म्हणून मामी मला 'मॅडम' म्हणते आणि त्याच दमात 'तू' म्हणते. मी तिला 'तुम्ही' म्हणते, त्याचं तिला अजून हसू येतं. ती बोलते भिलीत, अधूनमधून मराठी टाकते. मी सगळं मराठीतच लिहितेय, तेव्हा त्यातलं अर्धं मीठ इथेच सांडलं असं धरून चाला.

"कोण म्हणतं म्हातारा?" मी विचारलं.

"सगळे. काठीला गेले होते ते सगळे. म्हणे ढोलात दम राहिला नाही. म्हणे ढोल पळत होता."

काठी हे आमच्या जवळचंच गाव, जुन्या संस्थानाचं. तिथली राजवाडी होळी सातपुड्यात सगळ्यांत मानाची. रात्रभर नाच आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगभर ठिपके काढलेले, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्ये फेर धरतात आणि गावोगावचे ढोल येऊन मिळतात. पहिल्या वर्षी मला ते सगळे ढोल एकसारखेच वाटले होते. मामी अंधारात बसून सांगत होती, हा अमक्या पाड्याचा आला, तो तमक्याचा आला. मला वाटलं, थापा मारतेय. तिसऱ्या वर्षी मलाही दोन-तीन ढोल ओळखू यायला लागले, त्यातला एक मामाचा. चाळीस होळ्या त्यानं वाजवल्या असं मामी म्हणते. मामा पन्नास म्हणतो. मधल्या दहा होळ्यांचं काय झालं, यावर त्यांच्या घरात दरवर्षी एकदा भांडण होतं.

"ढोल तोच," मामी म्हणाली. "कातडं तेच. शेकोटीवर शेकलं तेही मीच. हातही तोच. पण यंदा थाळी कोणाकडे होती, ते कोणी विचारत नाही."

थाळी म्हणजे काशाची थाळी. एका हातात धरायची आणि काडीनं वाजवायची. ढोलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे कोण बघतं? फोटोतसुद्धा तो अर्धा कापला जातो. मामाच्या शेजारी इतकी वर्षं थाळी घेऊन मामीचा धाकटा दीर उभा असायचा. यंदा तो ऊसतोडीला गुजरातेत गेला आणि होळीला परत येऊ शकला नाही. मुकादमाची उचल फिटली नव्हती. मग थाळी आली मामीच्या नातवाकडे. नातू एरवी लग्नाच्या पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, टिमलीच्या गाण्यांना. अक्कलकुव्यापासून तळोद्यापर्यंत त्याला मागणी आहे. पोरगा हुशार. पण थाळी हे ऑक्टोपॅडचं धाकटं भावंड आहे अशी त्याची समजूत.

मामीचं बोलणं ऐकताना मला माझ्या वडिलांची कॅसेटची पेटी आठवली. ते पुण्यात कारकून होते आणि पंडित भीमसेन जोशींचे भक्त. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी होत्या, विकतच्या होत्या, कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्याही होत्या. सगळ्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, पण गाणाऱ्याचं नाव नाही. 'तबला चंद्रकांत कामत, पेटी अप्पा जळगावकर.' 'तबला नाना मुळे, पेटी वालावलकर.' आई वैतागायची, अहो, गातंय कोण ते कुठे लिहिलंय? वडील म्हणायचे, ते ऐकल्यावर कळेलच की. जे कळत नाही ते लिहून ठेवावं.

लहानपणी मला हा त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. आता वाटतं, त्या पेटीत भीमसेनांचा एक निराळाच इतिहास होता. गाणं एकाच माणसाचं, पण दर काही कॅसेटींमागे त्याची चाल बदललेली. एका तबलजीबरोबर विलंबित असं सावकाश उलगडतं, की माणसाला गाडी पकडायची नाही हे स्पष्ट कळतं. दुसऱ्याबरोबर तेच गाणं जरा उभं राहून गातोय असं वाटतं. पेटीचंही तसंच. एक पेटीवाला गायकाच्या मागून येतो आणि श्वास घेतला की तेवढ्यापुरती जागा भरतो. दुसरा बरोबरीनं चालतो. मागे दोन तानपुरे. तेही लावून मनासारखे होईपर्यंत भीमसेन सुरुवात करायचे नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र एकच नाव आठवतं आणि सगळं बरंवाईट त्याच नावावर चढतं.

मामीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "पण पेटीवाला नसला तर?"

आता बघा, हा प्रश्न संगीताच्या परीक्षेत विचारत नाहीत. उत्तर मात्र खरोखरच आहे. आकाशवाणीनं 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठोकळेबाज, एकदा पट्टी दाबली की दाबली, मींड त्यातून निघत नाही, असा आक्षेप होता. बंदी सैल झाली 1971 मध्ये. म्हणजे मधली तीसेक वर्षं मैफलीत गवयाला पेटी, आणि तोच गवई रेडिओच्या स्टुडिओत बसला की मागे सारंगी! नेमणूक सरकारी, साथही सरकारी. शनिवारी रात्री राष्ट्रीय कार्यक्रमाला रेडिओपुढे बसणारे लोक जे गाणं ऐकत होते, ते मैफलीतल्या गाण्याचं सख्खं नव्हे, चुलत भावंड होतं. सारंगी गळ्यामागून येते, गाईमागे वासरू यावं तशी. गाय वळली की तीही वळते. पेटी म्हणजे नदीतले दगड. पाय ठेवायला पक्के, पण मधलं पाणी तुम्हालाच उडी मारून ओलांडायचं. पाय कुठे ठेवायचा हे ठाऊक असलेला गवई दगडांवरून वेगळा चालतो आणि वासरू मागे असताना वेगळा. त्यात गवयाचा गळा बदललेला नसतो.

मामीला वासरू पटलं. दगडांचं पटलं नाही. तिच्या मते दगडांवरून चालताना पाय घसरतोच, मग त्याला पक्के कशाला म्हणायचं.

संध्याकाळी मी मेमरी कार्डातलं भीमसेनांचं गाणं तिला ऐकवलं. आधी ख्याल, मग संतवाणी. ख्याल ऐकताना तिनं लसूण सोलला आणि मध्ये एकदा कोंबडीला हाकललं. संतवाणी लागली तेव्हा मात्र तिची मान वर आली. त्यात तबल्याबरोबर पखवाज आहे, आणि टाळ. ते टाळ माउली टाकळकरांचे. वारकरी भजनातून आलेले टाळ घेऊन हा माणूस भीमसेनांच्या अभंगाला वर्षानुवर्षं बसला. राम फाटकांच्या, श्रीनिवास खळ्यांच्या चाली आणि भीमसेनांचा आवाज, हे सगळं थोर आहेच. पण तो टाळ काढून टाका आणि पुन्हा ऐका. रागदारी सभागृहातच बसून राहते. पालखी हलतच नाही.

"हे काय वाजतंय बारीक?" मामीनं विचारलं.

"टाळ."

"थाळीच म्हण की," मामी म्हणाली आणि पुन्हा लसणाला लागली.

मग मी उत्साहात तिला बालगंधर्व सांगायला गेले. खरं तर हा विषय तिच्या गळी उतरवायची काही गरज नव्हती, पण शाळेची सवय. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिचे मालक तिघे: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. टेंबे म्हणजे त्या काळातली सर्वांत नामवंत पेटी. काही वर्षांत ते मंडळीतून बाहेर पडले. पुढे बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन आला, कादरबक्षांची सारंगी आली, अहमदजान थिरकवांचा तबला आला. थिरकवांसारखा खाँसाहेब नाटकाच्या पदाला ठेका धरतो, म्हटल्यावर पद नाटकापुरतं कसं राहील? वन्समोअर येत राहिले आणि पदं लांबत गेली. लोक आजही बालगंधर्वांचा गळा बालगंधर्वांचा गळा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण रंगमंचाच्या पुढ्यातल्या खड्ड्यात कोण बसलं होतं तेही कधीतरी बघावं.

मामी म्हणाली, "बाईचं सोंग घ्यायचा ना तो? मग सारंगी बरीच."

हे तिला कुठून कळलं, मला माहीत नाही.

एवढ्यात नातू आला. मोटरसायकल लावली आणि सरळ कुंपणाशी. आजीनं सकाळपासून त्याची जी बदनामी चालवली होती ती त्याच्या कानावर गेलेली. मोलगीत अशा गोष्टी पोचायला बाजाराचा दिवससुद्धा लागत नाही.

"मॅडम, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "काकाआजा वाजवायचा तसंच मी का वाजवायचं? मी काय त्याची कॉपी आहे?"

आणि खिशातून फोन काढून त्यानं मला झाकिर हुसेन दाखवले. पोराला 'शक्ती' सगळी पाठ! 1970च्या दशकात जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवाल्यानं झाकिर हुसेनांबरोबर हा वाद्यवृंद जमवला. व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. काही वर्षांनी ते थांबलं. 1997 मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा व्हायोलिन नव्हतं. आधी हरिप्रसाद चौरसियांची बासरी, मग यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन. काही काळानं घटमच्या जागी विनायकराम यांचाच मुलगा सेल्वगणेश, पण तो बहुतेक कंजिरा घेऊन बसला. पुढे शंकर महादेवन गायला आले. 2014 मध्ये श्रीनिवास गेले, तर पुन्हा व्हायोलिन आलं, गणेश राजगोपालन यांचं. 2023 मध्ये 'धिस मोमेंट' निघालं आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले.

"बघा," नातू म्हणाला, "पोरगा बापाच्या जागी बसला, पण बापाचं मडकं नाही घेतलं. आपलं वाद्य घेतलं. श्रीनिवासच्या जागी कोणी दुसरा मँडोलिनवाला शोधला नाही. माणूस गेला की त्याचा आवाजही जाऊ द्यायचा. नवीन माणूस नवीन आवाज घेऊन येतो."

मला ते पटलं. इतकं की मी 'शाब्बास' म्हणणार होते. ऐनवेळी मामी मध्ये पडली.

"त्या गोऱ्याच्या पुढ्यात नाचायला लोक होते का?" तिनं विचारलं.

नातू गप्प.

मुद्दा तिचा होता. मैफलीतले लोक बसलेले असतात. ठेका जरा इकडेतिकडे झाला तर माना थोड्या वेगळ्या हलतात, एवढंच. काठीला पाचशे पाय त्या ढोलावर पडत असतात आणि त्यांना धरून ठेवणारी थाळी आहे. ढोल मधूनच मोकळा सुटतो, उलटसुलट पडतो, अंग मोडतो. ती चैन त्याला परवडते, कारण थाळी एका जागी खिळ्यासारखी चालू असते. नातवानं थाळीत चमत्कार सुरू केले. दुप्पट काय, मधले घाव काय. ऐकायला झकास. मीही ऐकलंय, खोटं कशाला सांगू. पण मग खिळा कोणी व्हायचं? नाइलाजानं मामा झाला. साठी केव्हाच ओलांडलेला माणूस, चाळीस (किंवा पन्नास) होळ्या मोकळा वाजवलेला, यंदा रात्रभर नुसता ठेका धरून उभा. आणि लोक म्हणाले, दम राहिला नाही.

कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकर असेच बसायचे असं वडील सांगायचे. साधा, भरलेला ठेका. टाळी घ्यायची घाई नाही. कुमारजी बेधडक कुठेही उडी घ्यायचे, भलत्याच जागी उतरायचे, कारण खाली जमीन आहे याची त्यांना खात्री होती. वडिलांच्या पेटीत आचरेकरांच्या नावाच्या कॅसेटींचा वेगळा गठ्ठा होता. तबल्याच्या करामती ऐकायच्या असतील तर त्यात काही मिळणार नाही. कुमार ऐकायचे असतील तर तोच गठ्ठा काढावा.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी नुसतं टिंग टिंग करत राहायचं."

"हो."

"रात्रभर?"

"काकाआजा तुझा तीस वर्षं करत होता," मामी म्हणाली.

मोटरसायकल सुरू झाली आणि गेली. त्या दिवशी तो जेवायलाही आला नाही, हे मला दुसऱ्या सकाळी कुंपणावरून कळलं.

इथवर माझं मत अगदी पक्कं झालं होतं. मामा म्हातारा झालेला नाही, साथ बदलली, आणि लोकांनी ते मामाच्या खात्यावर मांडलं. वर्गात फळ्यावर लिहावं इतकं स्वच्छ. पण चार दिवसांनी, मामा जंगलात गेलेला असताना, मामी कुंपणाला अगदी चिकटून उभी राहिली. आवाज खाली. तिचा आवाज खाली जातो तेव्हा मी हातातलं काम ठेवते.

"तुला खरं सांगू? दोन-तीन वर्षं झाली, पहाटे पहाटे त्याचा डावा हात पडतो."

"मग कोणाला कसं कळलं नाही?"

"दीर होता ना. हात पडायला लागला की तो थाळी जोरात घ्यायचा. पुढे सरकून उभा राहायचा. लोकांना वाटायचं रंग चढला."

मी काहीच बोलले नाही. मला आठवले शेवटच्या वर्षांतले भीमसेन. थकलेले, आणि मागे तानपुऱ्यावर शिष्य. माधव गुडी, श्रीकांत देशपांडे, आनंद भाटे, मुलगा श्रीनिवास, वेगवेगळ्या काळात वेगवेगळे. गुरुजींचा श्वास तुटला की मागून एक सूर यायचा, अगदी तोच, त्याच जागेवर, आणि गुरुजी पुन्हा आत शिरेपर्यंत थांबायचा. श्रोते टाळ्या वाजवायचे. वडील वाजवायचे नाहीत. ते डोळे मिटून बसायचे. 2011 च्या जानेवारीत भीमसेन गेले, त्याच्या आधीच वडील गेले होते. त्यांच्या शेवटच्या कॅसेटीवर तबला-पेटीनंतर आणखी एक ओळ होती: 'मागे कोण, ते कळत नाही.'

तेव्हा लोक म्हणाले ते अगदीच चूक नव्हतं तर. मामा थकलाय. फक्त ते यंदा झालेलं नाही. थकवा जुना आहे, तो झाकणारा माणूस यंदा उसाच्या फडात होता.

"मामाला माहीत आहे का?" मी विचारलं.

"त्याला माहीत आहे. दिराला माहीत आहे. मला माहीत आहे. आता तुला." मामीनं कुंपणाची एक सुटलेली कामटी जागेवर बसवली. "नातवाला सांगू नको. पोर चांगलं आहे, पण फोनवर टाकेल."

मी नातवाला सांगितलं नाही. इथे लिहिताना नावं घातली नाहीत, एवढं केलं. मोलगी परिसरात ढोल वाजवणारे पुष्कळ, थकलेलेही पुष्कळ. शोधत बसू नका.

वैशाखात दीर परत आला. रापलेला, बारीक झालेला, गुडघा धरलेला. तोवर आंबे उतरले होते आणि अर्धं गाव अंगणात आमचूर घालून बसलं होतं. दोन दिवस तो झोपलाच. तिसऱ्या संध्याकाळी अंगणात ढोल निघाला. मी अर्थातच कपडे वाळत घालायला बाहेर आले, दिवस मावळल्यावर. मामाच्या गळ्यात ढोल, नातू जोत्यावर फोन बघत बसलेला. मामानं काही न बोलता थाळी दिरापुढे धरली. दिरानं ती घेतली, दोन घाव घातले, आणि उठून नातवाच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, सरळ वाजव, मी सांगेपर्यंत काही करू नको. आणि आतून दुसरा ढोल घेऊन आला. घरात दुसरा ढोल आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आता मामाच्या डाव्या बाजूला दिराचा ढोल असतो आणि थाळी नातवाकडे. पोरगा अजून मधूनच दुप्पट घेतो. मग दीर नुसता त्याच्याकडे बघतो. दोन ढोलांमुळे आवाज जाड झालाय, जुना मोकळेपणा त्यात नाही. मला जुनाच जास्त आवडायचा. मामीला हा आवडतो. पाऊस पडायच्या आत पलीकडच्या पाड्यावर एक लग्न आहे आणि तिथे डीजेही सांगितलाय. आधी हे तिघं वाजवतील, मग डीजे, असं ठरलंय.